बाबांच्या शेजारची उघडी कबर

या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मला उजाडण्याची भीती वाटू लागली. रात्रीची नाही. रात्री बर्न वॉर्डातले दिवे मंद व्हायचे, इंजेक्शन लागू पडायचं आणि माझा धाकटा भाऊ विनय थोडा वेळ का होईना झोपायचा. सकाळ झाली की ट्रॉलीची चाकं वाजायला लागत. सिस्टर कात्री, पट्ट्या, सलाइनच्या बाटल्या मांडत आणि एकेका खाटेवरचा माणूस ड्रेसिंगच्या खोलीत नेला जाई. चिकटलेली पट्टी सोडवताना माणूस कसा ओरडतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना मी सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते सांगूही नये. विनयची पाळी आली की मी जिना उतरून खाली इस्पितळाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहायची. तिथवर त्याचा आवाज येणं शक्यच नव्हतं. तरी मला तो ऐकू यायचा.

आम्ही रायपूरजवळच्या बीरगांवात राहतो. विनय शेजारच्या उरल्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होता. एका पाळीत वितळलेलं लोखंड ओतताना उसळलं आणि त्याचा उजवा खांदा, हात, पाठ आणि मान भाजली. त्याच्याबरोबर काम करणारा खेमलाल अधिक पुढे उभा होता, तो अधिक भाजला. दोघांना एकाच गाडीत घालून आणलं आणि दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. त्यांना हातमोजे आणि अंगावर घालायचे जाड कोट का दिलेले नव्हते, हा प्रश्न मी विचारला आहे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार आहे. पण ते भांडण वेगळं. इथे मला दुसरंच काही लिहायचं आहे.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार होती. बाबा नोकरीतून सुटी मिळेल तेव्हा खांद्याला पिशवी अडकवून बसस्टँडवर, आठवडी बाजारात येशूच्या शुभवर्तमानाची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. घडी घालताना वाचायची आणि वाचताना घडी घालायची. त्या पत्रकांतली वाक्यं छोटी असत आणि त्यांना कसलीच शंका नसे. मृत्यू हरला. कबर रिकामी आहे. भिऊ नका. मोठी झाल्यावर मीही तशीच लिहू लागले, मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण संघासाठी आणि कधी कारखान्यातल्या कामगारांसाठीही. गेल्या वर्षीच्या ईस्टरचं पत्रक माझं होतं आणि त्याचा मथळा होता, ‘आता भीती कशाची?’ लोकांना तो फार आवडला. बर्न वॉर्डाच्या बाकावर बसून मला तो मथळा सारखा आठवायचा आणि लाज वाटायची. भीती कशाची ते आता मला नावानिशी माहीत होतं. ताप चढण्याची, जखमेला वास येण्याची, डॉक्टर बोलता बोलता थांबण्याची, ट्रॉलीच्या चाकांची. येशू मेलेल्यांतून उठला यावर माझा विश्वास नव्हता असं नाही. तो उठला हे मला पाठ होतं. पण माझ्या भावाच्या खाटेपासून ती गोष्ट फार लांब घडलेली वाटायची.

खजूर इतवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आठवड्यात मंडळीची माणसं द्राक्षं आणि संत्री घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत येऊन गेली, आत फक्त घरच्यांना सोडत. “विश्वास रखो बेटी,” असं प्रत्येकजण म्हणाला. ती सगळी चांगली माणसं आहेत, त्यांनी आमच्यासाठी उपास धरले होते. पण ते वाक्य ऐकून ऐकून माझ्या डोक्यात घण पडायला लागले, म्हणून मी मंडळीच्या ग्रुपचा आवाज बंद करून टाकला आणि पुढे पुढे तो उघडून पाहणंही सोडलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, खेमलाल गेला. त्याची बायको त्या वेळी खाली पाणी भरायला गेली होती. ती वर आली तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. ती बाटली हातात धरून पडद्याबाहेर उभी राहिली आणि तिला आत बोलावायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी आई उठली, तिच्या हातातली बाटली घेतली आणि तिला धरून आत नेलं. पुढचं मी लिहीत नाही. विनय डोळे उघडे ठेवून सगळं ऐकत होता. खाट रिकामी झाली, चादर बदलली गेली, मग त्याने मान भिंतीकडे वळवली. आई त्याच्याशी मराठीत बोलते आणि तो नेहमी हिंदीत उत्तर देतो, लहानपणापासून तसंच आहे. आईने विचारलं, “विनू, थोडं दूध घेतं का?” तो म्हणाला, “अब रहने दो मम्मी. अगला मैं हूँ.”

संध्याकाळी त्याचा ताप चढला. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, खोटं बोलायचे नाहीत. जखमेत संसर्ग शिरला आहे, औषध बदललंय, सकाळपर्यंत काय होतं ते पाहू, एवढंच ते म्हणाले. आईने मला घरी जायला सांगितलं. पहाटे कब्रस्तानात ईस्टरची उपासना होती आणि त्या दिवशीचा बायबलमधला पाठ मी वाचायचा असं कधीचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, मला जायचं नाही, दुसरं कुणी वाचेल.

“बाबाच्या कबरीवर मेणबत्ती लावाले घरचं कोणी पाहिजे का नाही?” आई म्हणाली. “तू जाय. मी आहो ना इथं.”

“मले भीती वाटून राहिली, आई.”

“मले काय कमी वाटून राहिली? भीती वाटते म्हणून ईस्टर पुढं ढकलतात का?”

मी घरी गेले. झोप आली असं म्हणवत नाही. पहाटे उठून आंघोळ केली आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली उभी राहून पाठ एकदा मोठ्याने वाचून पाहिला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी अगदी पहाटे स्त्रिया येशूच्या कबरेकडे जातात, तो भाग. किती वेळा ऐकलेला. पण त्या दिवशी मी शेवटी येऊन अडखळले. त्या स्त्रिया आनंदाने नाचत परत येत नाहीत. कबर रिकामी पाहून त्यांचा थरकाप होतो, त्या पळत सुटतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. तिथे ती हकिगत तुटल्यासारखी थांबते. बाबांच्या पिशवीतल्या एकाही पत्रकात हे नव्हतं. माझ्याही पत्रकात नव्हतं. मी पुस्तक मिटलं, मेणबत्त्या आणि शेवंतीची फुलं पिशवीत टाकली आणि निघाले.

आमच्या मंडळीत ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे कब्रस्तान साफ करतात. तरुण पोरं फावडी, कुदळी घेऊन येतात, गवत काढतात, खचलेल्या कबरींवर माती घालतात. बायका चुना कालवून कबरींना फासतात आणि नावांवर काळा रंग नव्याने चढवतात. मग ईस्टरच्या पहाटे अंधारात सगळे मेणबत्त्या घेऊन येतात, आपापल्या माणसाच्या उशाशी लावतात आणि उजाडेपर्यंत गाणी गातात. मला लहानपणी ते फार आवडायचं. त्या अंधारात ओल्या चुन्याचा वास येतो आणि ज्योतींच्या उजेडात पांढऱ्या कबरी पांघरुणं घेऊन झोपलेल्या माणसांसारख्या दिसतात.

मी फाटकातून आत शिरले तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. आमच्या गल्लीतल्या एक आंटी पुढे आल्या, मला मिठी मारली आणि रडायला लागल्या. “बेटी, तू फिर भी आई,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, इस्पितळातून दमून आले म्हणून म्हणत असतील. पुढे गेले तर पुरुष बाजूला सरकून मला वाट देत होते. कुणी डोळ्यांना डोळे भिडवत नव्हतं. तरुण संघातला एकजण, जो मला पाहिलं की पत्रकांवरून चिडवल्याशिवाय राहत नाही, तो मान खाली घालून उभा होता.  मी बाबांच्या कबरीपाशी पोचले.

बाबांच्या शेजारी एक कबर खणलेली होती.

नवी, उघडी, कडा सरळ तासलेल्या. बाहेर काढलेली माती एका बाजूला नीट ढीग करून ठेवलेली. ती जागा आईसाठी राखून ठेवलेली होती, पण आई तर काल संध्याकाळी माझ्याशी धड बोलत होती. मग उरलं कोण? ते मनात कसं आलं ते सांगता येत नाही, मला ते एकदम कळलं. रात्री विनय गेला. यांना कळवलं गेलं. मला कुणी कळवलं नाही. सकाळपर्यंत पाहू असं डॉक्टर म्हणाले होते आणि सकाळ झाली होती. मी आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली, तिने उचलला नाही.

मी कुणालाही काही विचारलं नाही. आज ते मला वेड्यासारखं वाटतं. एक प्रश्न विचारला असता तर सगळं तिथेच उलगडलं असतं. पण त्या खड्ड्यासमोर उभी असताना विचारण्यासारखं काही उरलंय असं वाटलंच नाही. पिशवी तिथेच पडली. मी फाटकाकडे पळत सुटले. मागून कुणी हाक मारली, मी थांबले नाही. पाठ कुणी वाचला मला माहीत नाही.

रस्त्यावर एकही ऑटो नव्हती. मी चप्पल हातात घेऊन पळत होते आणि मोठ्याने रडत होते. रायपूरच्या रस्त्यावर पहाटे एक तरुण बाई अशी रडत पळताना दिसली तर माणसं पाहतात, थांबत नाहीत. एक स्कूटर मात्र पुढे जाऊन थांबली. आईच्या वयाची बाई होती. सुती साडी, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, पायांशी कापडी पिशवीत डबा. तिने हिंदीत विचारलं, काय झालं. मी मराठीत म्हटलं, “माझा भाऊ.” हिंदी त्या क्षणी मला सापडेना. तिचा चेहरा लगेच बदलला.

“मराठी होय? बस मागं. कुठं जाचं?”

मी इस्पितळाचं नाव सांगितलं. ती ब्राह्मणपाऱ्यातली होती, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतली. लेक बाळंत झाली म्हणून शंकर नगरला तिच्याकडे डिंकाचे लाडू घेऊन निघाली होती. हे तिने स्वतःच सांगितलं, बहुतेक मला बोलतं ठेवावं म्हणून. मग मी तुटक तुटक सगळं सांगितलं. कबर, बाबा, ताप, आईने न उचललेला फोन. 

“तू पाह्यलं का त्याले?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग आधी पाहून तर घे. न पाहताच काहून रडून राहिली? रडाले अख्खा दिवस पडला आहे.” पुढे एक खड्डा आला, गाडी उडाली, मी तिचा खांदा धरला. “आन नीट धरून बस. मी पाडलं ना, तर दोघींले त्याच वॉर्डात खाटा देतील.”

मला त्या स्थितीत हसू आलं. नाकातून, रडण्यात मिसळून, पण आलं. इस्पितळाच्या फाटकापाशी तिने मला उतरवलं, माझे विस्कटलेले केस हाताने मागे सारले आणि म्हणाली, “जाय. देव पाठीशी आहे.” कोणता देव ते तिने विचारलं नाही आणि मीही नाही. मी तिचं नाव विचारलं नाही. पुढे कितीदा ब्राह्मणपाऱ्यातून जाणं झालं, प्रत्येक वेळी स्कूटरवरच्या बायकांचे चेहरे पाहते. अजून दिसली नाही.

वॉर्डाचं दार ढकलायला माझ्याच्याने होईना. दाराच्या काचेवर पांढरा रंग फासलेला आहे, पलीकडचं दिसत नाही. आधी पाहून तर घे, हे मी स्वतःला तिच्या आवाजात सांगितलं आणि दार ढकललं.

खेमलालची खाट रिकामी होती. तिच्या पलीकडे विनय उशीला टेकून अर्धवट बसलेला होता आणि आई त्याला उकडलेलं अंडं सोलून भरवत होती. भाजलेल्या माणसाला नवी कातडी यायला प्रथिनं लागतात, म्हणून तिथे रोज सकाळी अंडी देतात. फोन आईच्या पिशवीत, पिशवी बाहेरच्या कपाटात. विनयने माझ्याकडे पाहिलं. पाय मातीने भरलेले, हातात चपला, डोळे सुजलेले.

“क्या हुआ दीदी? भूत देख लिया क्या?” तो म्हणाला. मग आईच्या हातातलं अर्धं अंडं डाव्या हाताने घेऊन पुढे केलं. “ले, आधा तू खा ले.”

मी त्याच्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. पहाटे त्याला घाम फुटला होता आणि ताप उतरला होता. डॉक्टरांनी तेव्हाही आणि नंतरही एवढंच सांगितलं की नवं औषध लागू पडलं. मी त्यांच्या म्हणण्याला काही जोडत नाही. ज्या पलंगावर औषध लागू पडलं नाही तो माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर होता. खेमलालची बायको त्या वेळी खाली शवागाराच्या ओट्यावर गावच्या माणसांत बसलेली होती. देवाने एकाला निवडलं आणि एकाला सोडलं असं कुणी मला सांगायला आलं असतं तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

थोड्या वेळाने ट्रॉलीची चाकं वाजली.  पण या वेळी माझे पाय जिन्याकडे वळले नाहीत. मी सिस्टरला विचारलं, मी आत थांबू का. तिने मला टोपी आणि मास्क दिला आणि म्हणाली, चक्कर आली तर भिंतीकडे पड, सामानावर नको. मी विनयचा डावा हात धरून उभी राहिले. तो ओरडला.  सिस्टर पट्टी सोडवता सोडवता एके जागी थांबली आणि मला म्हणाली, इकडे बघ. त्याच्या दंडावर, लाल जखमेच्या काठाला, फिकट गुलाबी पातळ पापुद्रा धरला होता. नवी कातडी. ती इतकी नाजूक होती की तिच्यावर नजर ठेवायलाही भीती वाटली. मी ती पाहिली. खाली फाटकाशी उभी असते तर पाहिली नसती.

विनयला ट्रॉलीवर घेऊन आम्ही ड्रेसिंगच्या खोलीतून बाहेर आलो तर वॉर्डाच्या दाराशी पास्टर साहब, पीटर अंकल आणि तरुण संघातली चार पोरं उभी होती. पोरांच्या हातात पांढऱ्या फुलांचं चक्र होतं. पीटर अंकल आमच्या मंडळीचे जुने एल्डर, म्हणजे कारभारी, बाबांचे मित्र. कुणी गेलं की जागा ठरवायचं, खणून घ्यायचं काम तेच पाहतात. त्यांनी ट्रॉलीवर विनयला पाहिलं आणि भिंतीला हात टेकला.

मग सगळं कळलं. शनिवारी दुपारी त्यांना कारखान्यातल्या एका ओळखीच्याने कळवलं होतं की बर्न वॉर्डातला आपला पोरगा गेला. मंडळीला त्या कारखान्यातला भाजलेला एकच पोरगा माहीत होता. अपघाताची केस, शवविच्छेदन होऊन देह दुसऱ्या दिवशी मिळणार, दुसऱ्या दिवशी सण. आमच्याकडे कबर मजुरांकडून खणून घेत नाहीत, मंडळीची पोरं स्वतः खणतात आणि त्या दुपारी ती सगळी पोरं फावडी घेऊन कब्रस्तानातच होती. ऊन तापतंय, सणाच्या दिवशी पोरं पांगतील, आत्ताच करून ठेवू, असा त्यांनी विचार केला. त्या पोरांनी रडत रडत खणली होती. आईला फोन करायचं कुणीच मनावर घेतलं नाही, कारण अशी बातमी आम्ही फोनवर बोलत नाही, पास्टर घरी जाऊन सांगतात; पास्टर साहब संध्याकाळी येऊनही गेले होते, पण घराला कुलूप होतं. आईला तर माहीतच असणार असं प्रत्येकाने धरलं. माझ्या ग्रुपवरच्या मौनाचाही त्यांनी तोच अर्थ लावला.

पीटर अंकल हात जोडून उभे होते. विनयने ट्रॉलीवरून त्यांच्याकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

“अंकल,” तो हळूच म्हणाला, “कम से कम नाप तो पूछ लेते.”

आधी पीटर अंकल हसले की रडले मला सांगता येणार नाही. आई मात्र हसली नाही. तिने पोरांच्या हातून ते फुलांचं चक्र घेतलं आणि जिना उतरून खाली गेली. मी तिच्या मागे गेले. तिने ते खेमलालच्या बायकोपाशी नेऊन ठेवलं आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसली. गावाकडची गाडी येईपर्यंत आम्ही तिघी तिथे होतो. मी एरवी कुठेही गप्प बसत नाही. तिथे माझ्याजवळ एकही वाक्य नव्हतं, आणि ते बरं झालं.

इस्पितळात त्या दिवशी मी पीटर अंकलवर रागावले. आजही थोडी रागावलेली आहे. पण विचार करते तेव्हा तो राग त्यांच्यापाशी थांबत नाही. आम्ही सगळेच, ईस्टरची गाणी गाणारे, मरणाची तयारी किती झटपट करतो. खबर आली की फावडं उचलतो. जिवंत माणसाची चौकशी करायला मात्र आमचा हात फोनकडे जात नाही. आणि मी? मी तर त्याच वॉर्डात रोज बसत होते आणि तरी माझ्या भावाला मनातल्या मनात आधीच पुरून बसले होते. पोरांनी शनिवारी खणलेली कबर मी अपघाताच्या दिवशीच खणायला घेतली होती.

पुढचा प्रश्न त्या खड्ड्याचा होता. मंडळीत कुजबुज सुरू झाली की उघडी कबर ठेवू नये, ती कुणाला तरी ओढून घेते. मला प्रथम संताप आला. रिकाम्या कबरीवर आपला सारा विश्वास उभा, आणि एका रिकाम्या कबरीला आपण घाबरतो? हे मी पास्टर साहबांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, बेटी, भीती लोकांना शिकवावी लागत नाही, तू बुजवायला येतेस का ते सांग. सोमवारी संध्याकाळी मी, पीटर अंकल आणि ती पोरं कब्रस्तानात गेलो. मी पहिलं फावडं भरून माती लोटली. ती तळाशी पडल्याचा आवाज जड होता, आणि तो ऐकताना मला स्पष्ट कळलं की ही जागा कुणाची तरी आहेच. आईची, विनयची, कदाचित माझी. विनय वाचला म्हणजे ही कबर टळली असं नाही, ती फक्त पुढे गेली. माझ्या प्रभूने मला असं कधी सांगितलेलं नाही की तुझ्या माणसासाठी खड्डा खणला जाणार नाही. त्याने स्वतःसाठीही तो टाळला नाही. तो एवढंच सांगतो की मी त्या खड्ड्यात जाऊन आलो आहे आणि तिथे तुझं माणूस एकटं नसेल, आणि तिथे शेवट नाही. हे मला आधीही पाठ होतं. त्या संध्याकाळी हातात फावडं असताना ते मी पहिल्यांदा ऐकलं. पीटर अंकल दमून बाजूला बसले होते. ते म्हणाले, “तेरे पापा होते तो मुझे बहुत डाँटते.” मी म्हटलं, “नहीं अंकल, पापा आपके साथ खोदते.” ते खरं होतं. बाबाही फावडं घेऊन धावले असते.

विनय आता घरी आहे. हात पूर्ण वर जात नाही. कारखान्यात परत जाणार नाही म्हणतो, आणि दुसरं काय करणार ते अजून ठरलेलं नाही. नव्या कातडीला खाज सुटते, ती ओढली जाते, रात्री तो चिडतो. आणि मला सकाळची भीती अजून वाटते. कुणी विचारलं की पुनरुत्थानावरच्या विश्वासाने भीती गेली का, तर मी नाही म्हणते. त्या पहिल्या स्त्रियांचीही गेली नव्हती. त्या भीत भीतच उठल्या, अंधारातच निघाल्या, कबरेवरचा दगड कोण लोटणार हेही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तरी त्या चालत राहिल्या. त्यांना धीट होण्याची अट घातली गेली नव्हती. तो आधीच उठलेला होता. भीती गेल्यावर मग देवाकडे जाईन असं मी ठरवून बसले होते. आता भीतीला बरोबर घेऊनच जाते, आणि उरलेलं त्याच्यावर सोडते, कारण उरलेलं कधीच माझ्या हातात नव्हतं.

रोज सकाळी मी वाटीत खोबरेल तेल कोमट करते आणि विनयच्या पाठीला, मानेला, दंडाला लावते.  त्या सुरकुतलेल्या गुलाबी कातडीखाली ऊब लागते. त्या स्त्रिया पहाटे येशूच्या प्रेताला लावायला सुगंधी तेलं घेऊन गेल्या होत्या, आणि ती त्यांना लावायलाच मिळाली नाहीत. मी त्यांची आठवण काढते, मनात आभार मानते आणि हळूहळू तेल जिरवत राहते. “दीदी, ठंडा है,” विनय कुरकुरतो. मी वाटी पुन्हा गॅसवर धरते.